कंपनीचं फायबर, राउटर आपला: वाचकांचे प्रश्न

फायबरला स्वतःचा राउटर लावण्याबद्दल इतके प्रश्न साचलेत की यावेळचं सदर अख्खं त्यालाच दिलंय. बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतोय, कंपनीवाले जो डबा भिंतीवर लावून जातात तो दिसायला एक असतो पण त्याच्या पोटात तीन-चार वेगवेगळी कामं चालू असतात, आणि त्यातलं नक्की कुठलं काम आपल्याकडे घ्यायचंय हे न ठरवताच लोक राउटर विकत घेऊन मोकळे होतात. म्हणून पहिली दोन उत्तरं जरा लांबलीयेत, ती सोडून खाली पळू नका.

ताई, रिव्ह्यू बघून बघून चांगला महागातला राउटर घेतला. घरी आणून बघतो तर फायबरची ती बारीक वायर लावायला त्याला भोकच नाहीये, सगळी नेहमीच्या केबलची भोकं. चुकीचा घेतला का? परत करू का?
*– हौसेने फसलेला*

फसला वगैरे काही नाहीत, परत करू नका. घरगुती वापराच्या जवळजवळ कुठल्याच राउटरला फायबरचं भोक नसतं आणि त्याला कारण आहे.

भिंतीतून आत येते ती काचेची तार, तिच्यातून वीज येत नाही, प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं साध्या लॅन केबलमधल्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं जे यंत्र असतं त्याला ओएनटी म्हणतात, टेक्निशियन लोक ओएनयू पण म्हणतात, घरच्या भाषेत दोन्ही एकच धरा. तर हे यंत्र तुमच्या घरात असलं तरी ते कंपनीच्या नेटवर्कचं शेवटचं टोक आहे. घराघरातलं फायबर बऱ्याच ठिकाणी जीपॉन नावाच्या पद्धतीवर चालतं, त्यात कंपनीकडून एक तार निघते आणि वाटेत स्प्लिटर लावून ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. त्या एका तारेवर खाली येताना जवळपास २.५ जीबीपीएस आणि वर जाताना १.२५ जीबीपीएस एवढी जागा असते, ती सगळ्यांची मिळून. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा, त्यामुळे एकाच तारेवर दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकांत न मिसळता चालते. नवीन एक्सजीएस-पॉन मध्ये दोन्ही बाजूंना १० जीबीपीएस असतं पण वाटून घेण्याची पद्धत तीच.

आता गंमत बघा. खाली येणारा डेटा सगळ्याच घरांपर्यंत पोचतो, तो एन्क्रिप्ट केलेला असतो आणि प्रत्येक ओएनटी फक्त आपला वाटा उचलतो. वर पाठवताना मात्र सगळे एकाच वेळी बोलले तर सिग्नलचा चुथडा होईल, म्हणून प्रत्येक ओएनटीला कंपनीकडचं मशीन पाळी देतं, अमुक इतके मायक्रोसेकंद तू बोल मग गप्प बस. एखादा भलताच डबा या तारेला लावला आणि तो पाळी न बघता लेझर चालू ठेवायला लागला तर तुमचंच नाही, त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांचं नेट बसतं. त्यामुळे कंपनी प्रत्येक ओएनटीचा सिरियल नंबर आपल्या सिस्टीममध्ये नोंदवून ठेवते, जीपॉनमध्ये तो १२ अक्षरी असतो आणि पहिली ४ अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, काही ठिकाणी सोबत पासवर्डही असतो. नोंद नसलेलं यंत्र लावलं तर साधारणपणे काहीच होत नाही, दिवा लुकलुकत राहतो बस.

तर वाटणी साधी ठेवायची. ओएनटी कंपनीचा, त्याच्या लॅन पोर्टपासून पुढचं सगळं आपलं. तुमच्याकडे भिंतीवर एक छोटा डबा असेल, अँटेना नाहीत, एखाददोन लॅन पोर्ट फक्त, तर तो नुसता ओएनटी आहे आणि तुमचं काम सोपंय, तिथून केबल काढून नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घ्यायचं भोक) लावायची. पण अँटेनावाला मोठा डबा असेल तर त्यात ओएनटी, राउटर, वायफाय, फोनचं कनेक्शन सगळं एकत्र कोंबलेलं असतं, मग पुढचं उत्तर वाचा.

आणि हो, फायबर थेट राउटरमध्ये खुपसायला बोटाएवढं एक मॉड्यूल मिळतं, त्यात जुन्या ओएनटीचा सिरियल नंबर टाकून लोक काम चालवतात, व्हिडिओही भरपूर आहेत. चालतं, नाही असं नाही. पण कंपनीने एखाद्या रात्री काही अपडेट टाकलं आणि ते बंद पडलं की कस्टमर केअरला सांगणार काय? ज्याला या उचापतीतच मजा येते त्याने कंपनीला विचारून करावं, बाकीच्यांनी सोडून द्या.

कंपनीच्या डब्याला केबल लावून माझा राउटर जोडला, नेट चालतंय, वायफाय पण आधीपेक्षा छान आहे. पण प्रिंटर कधी सापडतो कधी नाही, आणि गेममध्ये कायम स्ट्रिक्ट नॅट की काय ते येतं. मुलगा म्हणतो डबल नॅट झालंय, ब्रिज मोड करून घ्या. कंपनीवाले म्हणतात ब्रिज बिज काही नसतं. खरं कोण?
*– दोघांच्या मध्ये अडकलेली आई*

मुलगा बरोबर आहे, पण ब्रिज मोड हा एकच उपाय नाहीये हे त्याला सांगा.

झालंय असं. घरातल्या सगळ्या वस्तूंना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे बसवायचं राउटरचं जे काम, त्याला नॅट म्हणतात. कंपनीचा डबा स्वतः राउटर आहे, तो घरातल्या वस्तूंना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. तुमचा राउटरही तेच काम करतोय. म्हणजे बाहेरून आत यायला आता एकामागे एक दोन दारं झाली, आणि दोन्ही दारांवरचे राखणदार एकमेकांशी बोलत नाहीत. आतून बाहेर जायला काही अडचण नाही म्हणून व्हिडिओ, मेसेज, बँकेची कामं सगळं व्यवस्थित चालतं आणि लोकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही की आपल्याकडे डबल नॅट आहे. बाहेरून आत यायची वेळ आली, म्हणजे गेम, घरचा कॅमेरा, स्वतःचा सर्व्हर, की पहिलं दार उघडतं आणि दुसरं बंद सापडतं. प्रिंटरचं दुखणं वेगळंय, तो कंपनीच्या वायफायवर आणि लॅपटॉप तुमच्या वायफायवर असेल तर ती दोन वेगळी नेटवर्क झाली, सापडणार कसा. आज सापडतो उद्या नाही याचा अर्थ एवढाच की लॅपटॉप कधी या वायफायला जोडला जातो कधी त्या.

रस्ते तीन आहेत. सगळ्यात सोपा, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त घरांना पुरणारा, म्हणजे आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा. राउटरचं काम कंपनीचा डबा करतो, आपला राउटर फक्त वायफाय देतो, पत्ते एकच जण वाटतो, डबल नॅट संपला, प्रिंटर सापडला. ॲपमध्ये त्या मोडचं बटण नसेल तर हाताने करता येतं, आपल्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ वगैरे कंपनीच्या डब्याशी न भांडणारा ठेवायचा (तो डबा जे पत्ते वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा हवा हं), डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करायचं, आणि केबल वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावायची. मग कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून टाका, नाहीतर दोन्ही वायफाय एकमेकांवर ओरडत बसतात.

पण मग तुम्ही राउटर ज्यासाठी घेतला, मुलांच्या फोनला वेळेची मर्यादा, स्वतःचं फायरवॉल, व्हीपीएन, ट्रॅफिकला प्राधान्य, यातलं बरंचसं ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये बंद पडतं, कारण ती राउटरची कामं आहेत आणि राउटर तर आता तो नाहीच. हे हवं असेल तर दुसरा रस्ता, डबल नॅट तसाच ठेवायचा पण नीट. दोन्हीकडे पत्त्यांची रेंज वेगळी करा, म्हणजे कंपनीचा १९२.१६८.१ वर असेल तर आपला १९२.१६८.५० वर, घरातली प्रत्येक वस्तू आपल्याच राउटरवर घ्या, आणि कंपनीच्या डब्यात डीएमझेड नावाची सेटिंग असते तिथे आपल्या राउटरचा पत्ता टाका म्हणजे बाहेरून येणारं सगळं तो विचारपूस न करता पुढे ढकलतो. नाव डबल नॅटच राहतं पण त्रास फार कमी होतो. गेमचं स्ट्रिक्ट नॅट यातच बहुतेक जाईल, नाही गेलं तर खाली कॅमेऱ्याचा प्रश्न आहे तो पण वाचा. मी स्वतः कोणी विचारलं तर ब्रिजच्या आधी हेच करून बघायला सांगते, कारण नेट बंद पडलं की कंपनीच्या डब्याला थेट लॅपटॉप लावून दोन मिनिटात कळतं की दोष कुणाकडे आहे.

तिसरा ब्रिज मोड. कंपनीचा डबा राउटरपण सोडून नुसता ओएनटी होतो आणि लॉगिन आपला राउटर करतो. सगळ्यात स्वच्छ रचना हीच, यात वाद नाही. 'ब्रिज असं काही नसतं' हे उत्तर फोनवरच्या माणसाला माहीत नसल्यामुळे येतं, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. मागताना नुसतं ब्रिज मोड करा म्हणू नका, असं म्हणा की माझ्या राउटरवरून पीपीपीओई लॉगिन करायचंय, डब्यातलं वॅन कनेक्शन राउटऐवजी ब्रिज करून द्या आणि व्हीलॅन नंबर सांगा. (पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून कंपनीला जोडायची पद्धत, व्हीलॅनचं पुढच्या उत्तरात आहे.) हे वाक्य ऐकलं की फोन पुढच्या माणसाकडे जाण्याची शक्यता बरीच वाढते. काही कंपन्या खरंच देत नाहीत, मग दुसरा रस्ता आहेच.

ब्रिज करून घेतला एकदाचा!! युजरनेम पासवर्ड बरोबर टाकलंय दहादा चेक केलंय तरी कनेक्टिंग कनेक्टिंग एवढंच. कंपनी म्हणते आमच्याकडून ओके आहे. आता?
*– कनेक्टिंग*

आधी हे बघा की राउटर काय म्हणतोय. लॉगमध्ये ऑथेंटिकेशन फेल असं येत असेल तर तुमची हाक कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचतेय पण तो ओळख मान्य करत नाहीये, आणि टाइमआउट किंवा नो रिस्पॉन्स येत असेल तर हाक पोचतच नाहीये. दोन्हीची कारणं अगदी वेगळी आहेत आणि लोक इथेच तासन्‌तास पासवर्ड बदलत बसतात.

उत्तरच येत नसेल तर पहिला संशय व्हीलॅनवर. बऱ्याच कंपन्या एकाच फायबरवर इंटरनेट, फोन, टीव्ही असं वेगवेगळं चालवतात आणि ओळखायला प्रत्येकाला एक नंबर देतात, १ ते ४०९४ मधला कुठलाही. हा नंबर लावायचं काम ब्रिज केलेला डबा करत असेल तर तुमच्या राउटरमध्ये काही टाकायचं नाही, करत नसेल तर राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये तो टाकावाच लागतो. काही स्वस्त राउटरमध्ये ही सेटिंग नसतेच किंवा आयपीटीव्ही नावाच्या भलत्याच मेनूत दडलेली असते, तिथे शोधा. दुसरा संशय पोर्टवर, डब्याचा एकच पोर्ट ब्रिज केलेला असतो, बहुधा पहिला, आणि आपण केबल तिसऱ्यात लावून बसलेलो असतो.

ऑथेंटिकेशन फेल असेल आणि पासवर्ड खरंच बरोबर असेल तर दोन गोष्टी. एक, जुन्या डब्याने केलेलं लॉगिन सर्व्हरवर अजून जिवंत असेल आणि एका वेळी एकच चालत असेल, तर दोन्ही डबे बंद करा, जरा वेळ जाऊद्या, आधी ओएनटी चालू करा, त्याचा पॉनचा दिवा स्थिर झाला की मग राउटर. दोन, कंपनीने जुन्या डब्याचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) तुमच्या खात्याला बांधून ठेवला असेल (मॅक बाइंडिंग म्हणतात त्याला). तर एकतर त्यांना सांगून नवा नोंदवून घ्या, नाहीतर राउटरमध्ये मॅक क्लोन म्हणून सोय असते तिथे जुन्या डब्याच्या स्टिकरवरचा मॅक टाका, पण स्टिकरवरचा आणि प्रत्यक्ष वॅनचा मॅक कधीकधी शेवटच्या आकड्याने वेगळा असतो, म्हणून डब्याच्या स्टेटस पानावरून घेतलेला बरा.

सगळं जुळलं आणि नेट आलं पण काही साइट उघडतात काही अर्ध्यातच लटकतात असं झालं तर एमटीयू बघा, म्हणजे डेटाच्या एका पाकिटात किती मावतं तो आकडा. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेतं, म्हणून १४९२ टाकायचं. बहुतेक राउटर हे आपोआप करतात.

आणि सगळ्याच कंपन्या पीपीपीओई वापरत नाहीत हेही लक्षात ठेवा, काहींकडे नुसतं डीएचसीपी असतं, युजरनेम बिजरनेम काही नाही, राउटर ऑटोमॅटिक आयपी वर ठेवला की झालं.

प्लॅन ५०० चा आहे. नवा राउटर लावल्यापासून ९४ च्या वर जात नाही. जुन्या डब्यावर ४०० तरी यायचे.
*– ९४*

तुमच्या सहीतच उत्तर आहे. ९४-९५ वर अडकणारा स्पीड म्हणजे मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचं लिंक आहे, पाकिटांचा खर्च वजा जाऊन तेवढेच उरतात. एकतर राउटरचा वॅन पोर्ट फास्ट इथरनेट आहे, खोक्यावर वायफायचा आकडा १२०० लिहिलेला असतो आणि मागचे पोर्ट मात्र १०० चे, हा धंदा अजून चालू आहे. नाहीतर केबल खराब आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे एक तार जरी तुटलेली किंवा नीट दाबलेली नसली तरी दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात आणि तक्रार कोणीच करत नाही. आधी केबल बदला, कॅट ५ई पुरेशी आहे, १ जीबीपीएस १०० मीटरपर्यंत आरामात नेते, घरात त्याहून भारी घेऊन पैसे घालवू नका.

हेच कोणाला ९४ ऐवजी २५०-३०० वर अडकलेलं दिसत असेल आणि तेही केबल लावून, तर राउटरचा प्रोसेसर दमतोय. पीपीपीओई प्रत्येक पाकीट उघडून बांधायला लावतं आणि ते काम हार्डवेअरवर न होता प्रोसेसरवर पडलं तर स्वस्त राउटर तिथेच बसतो. क्यूओएस (ट्रॅफिकला प्राधान्य देणारी सेटिंग) किंवा ट्रॅफिक मॉनिटर चालू असेल तर बंद करून बघा, बऱ्याच राउटरमध्ये ती चालू केल्या केल्या हार्डवेअरची मदत बंद होते. आणि वायफायवर मोजून कंपनीशी भांडायला जाऊ नका हो कोणी, आधी केबलने मोजा. गिगाबिट पोर्टवर कितीही केलं तरी ९४० च्या आसपासच दिसतं, १००० का नाही म्हणून पण मेल आलेत मला.

घरचा लँडलाइन फायबरवरूनच आहे आणि आईबाबा तोच वापरतात. राउटर बदलला तर फोन जाईल का?
*– आधी फोन, मग नेट*

कंपनीचा डबा काढून टाकला तर जाईल, ठेवला तर नाही. फोनची वायर ज्या भोकात जाते त्यामागे डब्यातच इंटरनेटवरून फोन चालवणारा भाग असतो, त्याचं लॉगिन कंपनीने आत टाकलेलं असतं आणि ते ती सहसा देत नाही. ब्रिज केला तरी चालेल पण करताना आधीच सांगा की फक्त इंटरनेटचं कनेक्शन ब्रिज करा, फोनचं आहे तसं राहूद्या. काम झाल्यावर टेक्निशियन दारात असतानाच एक फोन लावून आणि एक घेऊन बघा. टीव्हीचा बॉक्स असेल तर तो पण सुरुवातीला कंपनीच्याच डब्यावर ठेवा.

कॅमेरा बाहेरून बघायचाय. पोर्ट फॉरवर्ड केलं, ब्रिज आहे, डबल नॅट नाही, तरी बाहेरून उघडत नाही. डोकं फिरलंय.
*– आतूनच बघतोय*

राउटरच्या स्टेटसमध्ये वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर दुसरा नॅट तुमच्या घरात नाही, कंपनीकडे आहे. याला सीजीनॅट म्हणतात, आणि ही पत्त्यांची रेंज २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली. १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ बहुधा तोच. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपला, त्यामुळे एकेका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवणं कंपन्यांना भाग पडलं. तुमचा राउटर कितीही भारी असला तरी इथे त्याच्या हातात काहीच नाही, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणाऱ्याला ठराविक वस्तूकडे वाट करून देणं) करून करून बोटं झिजतील.

मग करायचं काय, तर कंपनीकडे पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा, बहुतेक वेळा वेगळे पैसे पडतात. किंवा आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, चालू आहे का बघा, त्यात नॅटची गरजच नसते, प्रत्येक वस्तूला खरा पत्ता मिळतो. राउटरमध्ये प्रीफिक्स डेलिगेशन (कंपनीकडून पत्त्यांचा अख्खा गठ्ठा घ्यायची सोय) चालू ठेवा. कंपनीने /५६ दिला तर त्यातून घरात २५६ वेगळी नेटवर्क करता येतात, /६४ दिला तर एकच, पण कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. अट एवढीच की तुम्ही बाहेरून ज्या फोनवर बघताय त्यालाही आयपीव्ही६ हवं, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त त्या कॅमेऱ्यापुरती वाट उघडा, सगळं फायरवॉल बंद करून ठेवणारे महाभाग बघितलेत मी. तिसरं म्हणजे वायरगार्डसारखं व्हीपीएन, घरातून बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरला जोडून ठेवायचं आणि तिथून आत यायचं. हात बसायला वेळ लागतो पण कॅमेरा उघड्यावर ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

स्वतःचा राउटर लावणं बेकायदेशीर आहे असं आमच्या कनेक्शनवाल्याने सांगितलं. खरंय का?
*– घाबरलेला*

प्रत्येक देशाचे आणि प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, तुमच्या करारात काय लिहिलंय ते वाचा. पण ओएनटीच्या पुढे आपला राउटर लावणं ही जगभर सर्रास चालणारी गोष्ट आहे. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच ग्राहकाला स्वतःचं यंत्र निवडायचा हक्क आहे आणि लॉगिनची माहिती कंपनीला न मागता द्यावी लागते. ओएनटी उघडणं, त्याचं सॉफ्टवेअर बदलणं, हे वेगळं, ते करू नका.

कंपनीचा डबा ते लोक लांबूनच अपडेट करतात ना, मग आपला लावल्यावर सिक्युरिटीचं कोण बघणार?
*– सावध*

तुम्ही. आणि हा प्रश्न एकाच व्यक्तीने विचारला याचं वाईट वाटलं मला.

कंपनी आपले डबे टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने लांबून हाताळते, सेटिंग बदलते, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकते. सोय चांगली आहे पण ते दार उघडं राहिलं तर काय होतं ते २०१६ च्या नोव्हेंबरअखेर जर्मनीत दिसलं, तिथे एका मोठ्या कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं कारण मिराई नावाच्या बॉटनेटचा (हॅक करून ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) एक नवा प्रकार ७५४७ या पोर्टवर, म्हणजे नेमक्या याच लांबून हाताळायच्या दारावर, धडका मारत होता आणि त्या धडकांनी राउटर लटकत होते. म्हणजे कंपनीचा डबा आहे म्हणून निर्धास्त आणि आपला आहे म्हणून धोका, असं सरळ गणित नाहीये.

आपल्या राउटरचं करायचं ते असं, घेतानाच बघा की बनवणारे अजून त्या मॉडेलला अपडेट देतायत का, दोन वर्षांपूर्वीचं शेवटचं अपडेट दिसलं तर तो राउटर फुकट मिळाला तरी नको. ऑटो अपडेट चालू, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफायला जोडायची सोय) बंद, बाहेरून ॲडमिन पान उघडायची सोय बंद, ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. वायफायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए३ ठेवा, जुनी वस्तू जोडली जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र. ज्यांना खटाटोप आवडतो त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर) चालणारं मॉडेल घ्यावं, बनवणाऱ्याने हात वर केले तरी तिथे अपडेट येत राहतात. शिवाय त्यात एसक्यूएम मिळतं, कोणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की व्हिडिओ कॉल जो तुटायला लागतो ना, तो त्रास त्याने जातो. फक्त त्यालाही प्रोसेसर लागतो, वर सांगितलेलं विसरू नका.

एक खोली आणि किचन, दोघंच माणसं, कंपनीच्या डब्याचं वायफाय सगळीकडे येतं. मित्र म्हणतात स्वतःचा राउटर घेच. घेऊ का?
*– मित्रांना कंटाळलेली*

नका घेऊ.

वीज गेली की नेट जातं म्हणून राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला. राउटर चालू राहतो, दिवे छान लागतात, वायफाय दिसतं, नेट मात्र नाही. यूपीएस खराब का?
*– दिवे आहेत, नेट नाही*

यूपीएस ठीक आहे, ओएनटी बंद पडलाय. आता तुमच्याकडे दोन डबे आहेत तर दोन्हींना वीज हवी. बरेचसे १२ व्होल्टवर चालतात पण काही ९ व्होल्टचेही असतात, म्हणून दोन्हींच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, अँपिअरची बेरीज यूपीएसला झेपेल का बघा, पिनच्या आतलं टोक प्लस आहे ना तेही बघा. स्प्लिटर हा बिनविजेचा असतो त्यामुळे वाटेतली वीज गेल्याने सहसा अडत नाही, कंपनीकडचं मशीन चालू असेल तर नेट येत राहील.

राउटर बदलला त्याच संध्याकाळपासून ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा. जुना राउटर परत लावला तरी लालच. मी काय बिघडवलं?
*– लाल दिवा*

राउटरने एलओएस लाल होत नाही, होऊच शकत नाही, तो दिवा फक्त प्रकाशाचा आहे. डबा हलवताना फायबर मुडपलं असणार किंवा कनेक्टर अर्धवट निघाला असणार. वायर कुठे टेबलाच्या पायाखाली नाहीतर कोपऱ्यात काटकोनात वळलीय का बघा, मोकळा मोठा वळसा द्या. कनेक्टर बहुतेक हिरवा असेल, तो सरळ आत दाबा, टक् असा आवाज येईपर्यंत. हिरव्याच्या जागी निळा लावू नका, हिरव्याचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं तसं नसतं, दोन्ही बसतात पण प्रकाश मधेच वाया जातो. टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका, आणि आत डोकावून तर अजिबात बघू नका, तो लेझर डोळ्याला दिसत नाही पण डोळ्यात जातो.

तरी लालच राहिला तर तक्रार करताना राउटर बदलल्याची गोष्ट सांगत बसू नका, नाहीतर सगळा दोष त्याच्यावर ढकलून फोन ठेवतील. एलओएस लाल आहे एवढंच सांगा. टेक्निशियन आला की त्याला मीटरवर पॉवर किती येतेय ते विचारा. उणे २७ डीबीएम ही साध्या जीपॉनची शेवटची हद्द धरा, त्याच्या जवळपास आकडा असेल तर आज दिवा हिरवा झाला तरी उद्या परत लाल होईल, म्हणून उणे २० च्या आसपास आणून द्या म्हणायचं आणि तो आकडा लिहून ठेवायचा.